‘गुडघे’ या उत्तरामागे: लठ्ठपणामुळे रोजच्या जगण्यातून काय काय सुटतं याचा एक प्रकरण अभ्यास

डॉक्टरांकडून आलेल्या चिठ्ठीत मजकूर थोडकाच होता. स्त्री, वय 46, दोन्ही गुडघ्यांची झीज, वजन जास्त, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. व्यायाम शिकवावेत आणि वजन कमी करण्याबाबत समजावून सांगावं. नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे माणसाला रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी म्हणून, काम करताना अशा चिठ्ठ्या नेहमीच येतात. त्यातला समजावण्याचा भाग मी सहसा बाजूला ठेवते. ‘वजन कमी करा’ हे आजवर कुणीच सांगितलं नाही असा लठ्ठ माणूस मला अजून भेटायचा आहे.

नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. इथे ‘ताई’ म्हणूया. ताई सिडकोत राहतात आणि जवळच्याच वस्तीत अंगणवाडी सेविका आहेत. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात, मुलगी कॉलेजात, घरात सासूबाई. बाळंतपणानंतर वजन चढलं ते चढलंच, आणि चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागले. पहिल्या भेटीत मुलगी सोबत होती आणि निम्मी उत्तरं तीच देत होती.

आकडे आणि आकड्यांची मर्यादा

उंची 152 सेंटिमीटर, वजन 92 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा) 39.8. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 30 पासून लठ्ठपणा सुरू होतो. भारतीयांसाठी आपल्याकडचे तज्ज्ञ 25 पासूनच धरतात, कारण आपल्या शरीरात तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त असते आणि ती पोटाभोवती साठते. कंबर 114 सेंटिमीटर भरली. भारतीय बायकांसाठी धोक्याची रेघ 80 वर आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी असंही एक साधं गणित आहे. ताईंची पाऊणपट होती.

रक्तदाबाची एक गंमत सांगायला हवी. ताईंच्या फाइलमध्ये बीपी सतत चढं लिहिलेलं होतं. दंडाचा घेर मोजला तर 38 सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा साधारण 34 पर्यंतच्या दंडासाठी असतो, आणि दंडाला अपुरा पडणारा पट्टा बीपी खोटं चढं दाखवतो. मोठा पट्टा लावल्यावर वरचा आकडा 14 ने खाली आला. बीपी होतंच, पण फाइलमध्ये दिसत होतं तेवढं नव्हतं. जाड माणसाचं मोजमाप चुकतं ते असं, साध्या पट्ट्यापासून.

खुर्चीवरून हात न टेकता 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ही चाचणी घेतली. ताई 8 वेळा उठल्या. साठ ते चौसष्ट वयाची बाई 12 पेक्षा कमी वेळा उठली तर तेसुद्धा कमी धरतात. सहा मिनिटांत त्या 372 मीटर चालल्या, मध्ये एकदा भिंतीला टेकून. म्हणजे ताकद कमी, दम कमी. पण एवढ्यावरून ताईंचा दिवस कसा जातो, हे काही कळत नाही.

मग रोजच्या कामांची नेहमीची यादी विचारली: आंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. सगळ्याला ‘हो, माझं मी करते.’ सहापैकी सहा. जागतिक आरोग्य संघटनेची 12 प्रश्नांची प्रश्नावली घेतली. गेल्या 30 दिवसांत कोणत्या गोष्टीत किती अडचण आली हे तीत विचारतात. अर्धा तास उभं राहणं आणि किलोमीटरभर चालणं यांत अडचण निघाली, बाकी किरकोळ. सण-समारंभ, धार्मिक कार्यक्रम यांत इतरांसारखं सामील होण्यात किती अडचण आली, या प्रश्नावर ताई म्हणाल्या, “काहीच नाही.”

“मागचा कार्यक्रम कोणता झाला?”

“मी जातच नाही ना मॅडम कुठे. मग अडचण कसली?”

नियमाप्रमाणे इथे शून्याच्या रकान्यात खूण करून मी पुढे गेले असते, तर कागदावर ताईंचा सामाजिक सहभाग उत्तम ठरला असता. अशा प्रश्नावल्यांचा हा मोठा खड्डा आहे. त्या अडचण विचारतात, आणि अडचण करणाऱ्याला येते. ज्यानं ती गोष्टच सोडून दिली त्याची अडचणही संपली. लठ्ठपणा काही अपघातासारखा एका दिवसात येत नाही. माणूस दर वर्षी थोडं थोडं सोडत जातो, घरचेही सवयीनं ते मान्य करतात, आणि आठ-दहा वर्षांनी उरतं तेवढंच त्याचं ‘नेहमीचं’ होऊन बसतं.

‘काय सोडलं?’

म्हणून प्रश्न फिरवला. पूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे? घाई नाही, आठवेल तसं सांगा.

आधी हसून नेलं त्यांनी. मग एकेक यायला लागलं. अंगणवाडीत मुलांबरोबर खाली बसणं. वस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरांच्या गृहभेटी. संक्रांतीचं हळदीकुंकू. शेअर रिक्षा. प्रकल्पाच्या मासिक बैठकांना शक्य तेवढ्या दांड्या. नवरात्रात किंवा चैत्रात वणीच्या गडावर जाणं. सहावारी नीट चोपून नेसणं. आता नेसायची झाली तर मुलगी समोर बसून निऱ्या खालून ओढून देते. पायाची नखं काढणं. आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून, जोडवी. पाय सुजतात आणि बोटांपर्यंत हात पोचत नाही म्हणून काढून ठेवली होती. सासूबाई त्यावर बोलत नाहीत, फक्त बघतात.

हे सगळं का सोडलं, याला प्रत्येक वेळी एकच उत्तर: “गुडघे.”

हे उत्तर सोयीचं आहे. गुडघे दुखतात म्हटलं की समोरचा मान डोलावतो, पुढे विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत ‘गुडघे’ हे बऱ्याचदा मोठं गाठोडं असतं. वर गाठ मारलेली आणि आत भलतंच काहीतरी. मीही बहुधा ते मान्यच केलं असतं, पण गडानं घोटाळा केला. सप्तशृंगीला पाचशेच्या घरात पायऱ्या आहेत हे खरं, पण 2018 पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. ट्रॉलीत बसायचं, वर उतरायचं. गुडघेदुखीवाल्या कितीतरी म्हाताऱ्या जातात. ताईंना तसं म्हटलं तर त्यांनी मुलीकडे पाहिलं. मी मुलीला औषधांची चिठ्ठी देऊन खाली मेडिकलला पाठवलं.

मग ताई बोलल्या. शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी होते थोडी. गाडी खड्ड्यातून गेली तरी होते. दीड-दोन तासांचा एसटीचा प्रवास, वाटेत थांबली तर इंडियन संडास, त्यात उकिडवं बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही. घरी कमोडची खुर्ची आहे म्हणून निभतं. “देवीच्या दारात ओल्या कपड्यानं कसं जायचं?” हे मिस्टरांनाही माहीत नव्हतं. सहापैकी सहा गुणांतला ‘लघवीवर ताबा’ हा गुण तिथेच गेला. पोटावरच्या चरबीचा दाब सतत मूत्राशयावर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो, त्यामुळे लठ्ठ बायकांमध्ये हा त्रास नेहमी दिसतो, आणि व्यायामानं बराच कमीही होतो. पण चिठ्ठीत ‘गुडघे’ लिहिलेलं असताना तो विचारणार कोण?

एक गाठ सुटल्यावर बाकीच्या सुटत गेल्या. हळदीकुंकवाचं कारण हातांची प्लॅस्टिकची खुर्ची होती. काही वर्षांपूर्वी एका घरी वाण घ्यायला उठल्या तेव्हा खुर्ची कमरेला अडकून तशीच वर आली. दोघी-तिघींनी धावत येऊन ती काढली, कुणीतरी हसलं. त्यानंतर संक्रांतीला दर वर्षी गुडघे दुखतात. रिक्षाचंही गुडघ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्रिमूर्ती चौकातून सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे तिघं बसतात. ताईंना बघून चालक म्हणतो, “मावशी, दोन सीटचे द्याल का?” किंवा सरळ पुढच्या गाडीकडे बोट दाखवतो. दोन सीटचे पैसे त्या देतही होत्या, पण मानधनावर ते रोज कुठून परवडणार. बैठकांचं कारण तिसरंच. तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या झोप लागायची, एकदा तर घोरल्याही. सगळ्यांसमोर मुख्यसेविकांनी नाव घेऊन उठवलं.

झोपेचं ऐकून घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिला आहे का, बीपी, बीएमआय 35 च्या वर आहे का, वगैरे आठ प्रश्नांची तपासणी केली. पाचांना ‘हो’ आलं. पाच किंवा जास्त म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची दाट शक्यता. श्वास थांबल्याचं मिस्टरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, “हो, थांबतो ना. मी हलवतो मग.” इतक्या सहजपणे, जणू पंख्याचा आवाज येतो म्हणून सांगत होते. ताईंना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि झोपेची तपासणी करून घेतली.

अंगणवाडीत

एका सकाळी, वजनं घ्यायच्या दिवशी, मी अंगणवाडीत जाऊन बसले. क्लिनिकमध्ये माणूस काय करू शकतो हे दिसतं, आपल्या जागी तो काय करतो हे नाही. लठ्ठपणात या दोहोंतलं अंतर फार असतं, आणि ते दोन्हीकडून पडतं. क्लिनिकचा जिना ताई कठडा धरून सहज चढल्या होत्या. वस्तीतला लोखंडी जिना उभा, अरुंद आणि बिनकठड्याचा. तो बघून मीही दोनदा विचार केला असता. उलट, क्लिनिकमध्ये जमिनीवरून उठणं त्यांना ‘जमतच नाही’ असं नोंदवलं होतं, आणि इथे मी त्यांना उठताना पाहिलं.

एक लहान पोरगं वजनकाट्यावरून घसरून रडायला लागलं आणि ताई पटकन त्याच्याजवळ बसल्या. बसणं म्हणजे धपकन, शेवटचे वीतभर अंतर अंगाच्या भारावर. पोर शांत झालं, आता उठायचं. आधी दोन्ही हात मागे टेकले, ते जमलं नाही. मग कुशीवर वळल्या, उजवा गुडघा टेकला, चेहरा आक्रसला, डावा हात पोषण आहाराच्या धान्याच्या पत्र्याच्या पेटीवर. पेटी सरकली. मदतनीस बाई, न सांगता, दुसऱ्या बाजूनं पेटीला पाय लावून उभ्या राहिल्या. हे त्यांचं ठरलेलं होतं. एरवी ताई बिनहातांच्या खुर्चीवर बसतात, आणि मुलं त्यांच्या पायांशी, तोंड वर करून गाणी म्हणतात. “बाई, खाली बसा ना,” असं एक मुलगी दोनदा म्हणाली. ताईंना ते सगळ्यात जास्त लागतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. लहान मुलांना शिकवणारीनं खुर्चीवर बसणं त्यांना स्वतःलाच पटत नाही.

गृहभेटींचं गणितही तिथेच कळलं. तळमजल्याच्या भेटी त्या स्वतः करतात, वरच्या मजल्याच्या बायकांना खालून हाक मारून बाळाला खाली आणायला लावतात. मोबाइलवरच्या नोंदीत दोन्ही भेटी सारख्याच दिसतात. पण ओली बाळंतीण जिना उतरून खाली येते, आणि तिच्या घरात बाळ कसं झोपवलं आहे, चूल कुठे आहे, हे ताईंना दिसत नाही. म्हणजे एका सेविकेचा अर्धवट सहभाग आणखी कुणाच्या तरी पदरात पडतो. कुठल्याच मोजपट्टीवर हे येत नाही.

नोंद कशी केली

जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये आणलेल्या आयसीएफ या वर्गीकरणाच्या चौकटीत हे सगळं मांडलं. शरीरात काय बिघडलं, माणसाला कोणत्या कृती जमत नाहीत, जगण्यातल्या कोणत्या ठिकाणी त्याचा सहभाग कमी झाला, आणि भोवतालच्या कोणत्या गोष्टी अडवतात किंवा हात देतात, हे त्यात वेगवेगळं लिहावं लागतं. ही वेगळी खाती असण्याचाच फायदा झाला. वजन सगळीकडे होतं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेनं आलेलं. गड लघवीमुळे सुटला. बैठका झोपेमुळे. हळदीकुंकू एका खुर्चीमुळे आणि हसण्यामुळे. रिक्षा जागेच्या दरामुळे. गुडघ्यांच्या नावावर खरंखुरं फक्त खाली बसणं, जिने आणि इंडियन संडास एवढंच निघालं. मदतनीस बाईंचा पेटीला लावलेला पाय ‘हात देणाऱ्या गोष्टीं’त लिहिला.

जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजीच्या आयोगानं लठ्ठपणाच्या निदानाची नवी मांडणी केली. नुसत्या बीएमआयवर थांबू नका. चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलं असेल किंवा रोजचे व्यवहार अडत असतील, तर त्याला आजार म्हणा, असं तिचं म्हणणं. मोठ्यांसाठीच्या 18 निकषांत झोपेत श्वास अडकणं, वारंवार लघवी गळणं, गुडघ्यांचं दुखणं हे सगळं आहे. त्या हिशेबानं ताईंचं निदान पक्कं आहे. पाऊल योग्य दिशेनं आहे, पण त्यातले रोजचे व्यवहार म्हणजे आंघोळ, कपडे, संडास, जेवण, चालणं. आपल्याकडे एवढी कामं घरचे लोक मिळून कशीबशी पार पाडतातच. माणूस त्याच्या कितीतरी आधी उंबऱ्याबाहेरचं जग सोडून देतो, आणि ते या निकषांत बसत नाही.

शेवटी कॅनडाच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली सीओपीएम ही पद्धत वापरली. तीत रुग्णच आपली महत्त्वाची कामं निवडतो आणि ती किती जमतात, त्यात समाधान किती, याला 1 ते 10 गुण देतो. ताईंनी मुलांबरोबर खाली बसणं (4), गृहभेटी (3), रिक्षा (3), गड (1) आणि पायाची नखं-जोडवी (6) अशी पाच निवडली. कंसातले गुण जमण्याचे, सरासरी 3.4. समाधानाची सरासरी 2.4. नखांना 6 का, तर मुलगी काढून देते म्हणून. वजन कमी करणं त्यांनी यादीत घातलं नाही. मीही सुचवलं नाही.

उपाय आणि तीन महिन्यांनंतर

वजनाचे उपचार फिजिशियनकडे चालू राहिले. आठवड्याला एक टोचायची नवी इंजेक्शनं भारतात आली आहेत खरी, पण सेविकेच्या मानधनात तो विषय फार लांब जात नाही. वजन उतरण्याचं मोल मी कमी लेखत नाही. एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. फक्त तोवर थांबायचं का, हा प्रश्न होता.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम एका महिला फिजिओथेरपिस्टनं शिकवले; ते ताई स्वयंपाक करता करता करतात. झोपेच्या तपासणीत श्वास अडकण्याचा मध्यम प्रकार निघाला आणि झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास मोकळा ठेवणारं मशीन भाड्यानं आणलं. पहिले पंधरा दिवस मास्क काढून फेकत होत्या, आता निम्मी रात्र टिकतो. अंगणवाडीसाठी जेमतेम फूटभर उंचीचा मजबूत लाकडी चौरंग केला. त्यावर बसलं की मुलांच्या बरोबरीला येता येतं, पण गुडघा पूर्ण दुमडावा लागत नाही. जमिनीवरून उठायची पद्धत बदलली: आधी कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, मग जड खुर्चीला धरून एक पाय पुढे. पत्र्याची पेटी भिंतीला टेकवून ठेवली, त्यामुळे मदतनीस बाईंचा पाय मोकळा झाला. गृहभेटी गल्लीवार लावल्या, म्हणजे दर दुसऱ्या घरी टेकायला मिळतं. घरच्या संडासात भिंतीला दांडी बसवली. सिडकोच्या घरातला संडास इतका अरुंद की दांडीमुळे वळायला जागा उरेना. ती काढून आडवी, दाराच्या बाजूला लावावी लागली. पायाच्या नखांसाठी बाजूला पाट, त्यावर पाय आडवा, आणि लांब दांड्याचं नेलकटर.

तीन महिन्यांनी वजन 90.5 किलो. फिजिशियनच्या फाइलमध्ये ‘अपेक्षित प्रगती नाही’ असं आलं. आमच्या कागदावर खाली बसणं 4 वरून 7, गृहभेटी 3 वरून 5, नखं-जोडवी 6 वरून 8. रिक्षा 3 ची 3, गड 1 चा 1. जमण्याची सरासरी 4.8 झाली, म्हणजे वाढ 1.4. या पद्धतीत निदान 2 गुणांची वाढ झाली तर बदल अर्थपूर्ण मानतात, तेव्हा सरासरीच्या हिशेबानं आम्हीही नापासच. समाधान मात्र 4.6 वर गेलं, वाढ 2.2. खुर्चीवरून आता 30 सेकंदांत 11 वेळा उठतात. जोडवी घालतात, पण घरात सुजेच्या दिवसांत काढून ठेवतात.

पहिल्या 12 प्रश्नांच्या प्रश्नावलीत मात्र त्यांचे आकडे आधीपेक्षा वाईट आले. वरच्या मजल्याच्या भेटी सुरू केल्यापासून त्यांना अडचण येऊ लागली आहे, आणि या वेळी त्यांनी ती सांगितली. लघवीचा त्रास निम्म्यावर आल्याचं त्या सांगतात. गडासाठी चैत्रोत्सवाची गर्दी टाळून नंतरचा एखादा मधला वार बघायचा, एसटीऐवजी भाऊजींच्या गाडीनं, आणि वाटेतला कमोड असलेला ढाबा मिस्टरांनी आधी पाहून ठेवायचा, असं ठरलं आहे. मिस्टरांना आता कारण माहीत आहे. हळदीकुंकवाचा विषय ताईंनी काढला नाही. यंदा बोलावणं आलं तर आपली बिनहातांची खुर्ची आधी पाठवून देऊ का, असं मुलीनं विचारलं, त्यावर दोघींचं भांडण झालं.

रिक्षाचं काही जमलं नाही. चालकाच्या बाजूनंही बघितलं तर एक सीट म्हणजे त्याची एक फेरी हलकी. मासिक बैठकीच्या दिवशी शेजारच्या वस्तीतली दुसरी सेविका आपल्या स्कूटीवरून ताईंना नेते. बाकीचे दिवस त्या दोन सीटचे पैसे देतात किंवा जात नाहीत. सहा महिन्यांच्या फेरतपासणीत रिक्षाची नोंद पहिल्या पानावर ठेवली आहे, आणि तिच्यापुढच्या रकान्यात ‘रुग्णाकडून काही अपेक्षित नाही’ असं लिहिलं आहे.